रायफलीचं बेडिंग: आधी डायल, मग इपॉक्सी

५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. .२२ ची गोळी साधारण ५.६ मिलिमीटरची. म्हणजे दोन गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या वर्तुळात मावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्यपदक याच वर्तुळावर मिळवलं. इतक्या बारीक हिशेबात रायफलीची ॲक्शन (बोल्ट आणि चेंबर सांभाळणारा धातूचा भाग) लाकडी दस्त्यात नीट बसलेली नसेल तर श्वास, ट्रिगर, आसन यांवर कितीही मेहनत घ्या, चार गोळ्या एका भोकात आणि पाचवी भलतीकडे, हे चालूच राहतं. ही बैठक इपॉक्सी भरून नेमकी करून घेणं म्हणजे बेडिंग.

सोलापुरात हा त्रास जरा जास्तच होतो, आणि त्याचं कारण हवा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर आणि हवा इतकी कोरडी की लाकूड आक्रसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. अक्रोड असो, बीच असो की आपला सागवान, दस्ता वर्षातून दोनदा आकार बदलतो. ॲक्शन बदलत नाही. उन्हाळ्यात घट्ट केलेला, ॲक्शन दस्त्याला धरणारा स्क्रू पावसाळ्यात लाकूड चेपतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच स्क्रू सैल निघतो. लोक दोष देतात काडतुसांच्या लॉटला.

दुर्बीण किंवा पीप-साइट (भोकातून नेम धरायची साइट) ॲक्शनवरच बसते, त्यामुळे ॲक्शन दस्त्यात थोडी तिरकी झाली तरी काय बिघडतं, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. ॲक्शन तिरकी होऊन तिथेच थांबली असती तर खरंच फारसं बिघडलं नसतं. पण खालची बैठक उंचसखल असेल तर स्क्रू आवळताना ती वाकते. शिवाय प्रत्येक धक्क्यानंतर ती थोडी वेगळ्या जागी येऊन बसते. ट्रिगर सुटल्यापासून गोळी बॅरलबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात रायफल मागे सरकते आणि बॅरल थरथरते. हे सरकणं आणि थरथरणं दर वेळी सारखं व्हायला हवं, आणि बेडिंग करायचं ते त्यासाठी. ॲक्शन लाकडाला चिकटवणं हा त्याचा हेतू नाही. ती कुठलाही ताण न घेता बसावी आणि धक्क्यानंतर त्याच जागी परत यावी, एवढाच हेतू.

म्हणून पहिली खरेदी इपॉक्सीची नाही, डायलची. ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटचा साधा डायल गेज पुरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या कुठल्याही लेथवर तो असतो. नुसतं ‘डायल’ म्हटलं की समजतं.

चाचणी अशी. मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं दोन्ही पाहा. रायफल फोमचे तुकडे लावलेल्या व्हाइसमध्ये दस्त्याला धरून आडवी ठेवा, बॅरलला धरून नाही. डायल लहान क्लॅम्पनं बॅरलवर बांधा आणि त्याची सुई-दांडी दस्त्याच्या पुढच्या टोकाला टेकवा. मोठा मॅग्नेटिक बेस बॅरलवर लादू नका, त्याच्या वजनानंच बॅरल झुकते आणि आकडा खोटा येतो. दोन्ही स्क्रू नेहमीच्या ताकदीनं आवळलेले असताना डायल शून्यावर आणा. मागचा स्क्रू तसाच ठेवून पुढचा हळूहळू पूर्ण सैल करा आणि काटा किती सरकतो ते लिहा. पुढचा परत आवळा, मग मागचा सैल करा. प्रत्येकी तीन वेळा.

काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर बैठक चांगली आहे. इपॉक्सीचा डबा उघडू नका, दुखणं दुसरीकडे आहे. ०.०५ ते ०.१० च्या मध्ये आला तर आधी पुढे दिलेल्या सगळ्या गोष्टी तपासा. त्यापुढे गेला, किंवा दर वेळी वेगळा आला, तर बेडिंगला पर्याय नाही. स्क्रू आवळतानाचा हाताचा अंदाजही बरंच सांगतो. चांगल्या बैठकीत स्क्रू सैलपासून घट्टपर्यंत पाव फेऱ्यात जातो आणि टक्कन थांबतो. फेरा-दीड फेरा हळूहळू घट्ट होत गेला तर एक तर लाकूड चेपलं जातंय, नाही तर ॲक्शन वाकतेय.

बेडिंगआधी तपासायच्या गोष्टी फार नाहीत, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पुढचा स्क्रू जास्त लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण ॲक्शन धरतच नाही. मॅगझिनचा डबा ट्रिगर-गार्ड आणि ॲक्शन यांच्यामध्ये अडकत असेल तर तोच तिसरा आधार होऊन बसतो, त्याला वर-खाली निदान अर्धा मिलिमीटर खेळ हवा. ट्रिगरची पेटी, सेफ्टीची दांडी, बोल्टचं हँडल यांपैकी काही लाकडाला घासतंय का ते पाहा. दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासा. शेवटी बॅरल. दहाची नोट बॅरलखालून चेंबरपर्यंत सरकली की बॅरल फ्री फ्लोट झाली, म्हणजे लाकडाला कुठेच टेकत नाही, असं समजतात. नोट असते ०.१ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या हवेत लाकडी दस्त्याचं पुढचं टोक पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट हलतं. सगळीकडून दीड मिलिमीटर फट ठेवा. दिसायला जरा वाईट दिसेल, दिसू द्या.

कायद्याचं एकदाच सांगतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्रांच्या विक्रीबरोबर दुरुस्तीही येते आणि तिला परवाना लागतो. त्यामुळे ॲक्शन असलेली रायफल सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे ठेवून यायची नाही. काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. पुढचं सगळं वाचून त्याच्यासमोर बसलात तर काय होतंय ते कळेल आणि चुकीच्या ठिकाणी थांबवता येईल. लेथवर पाठवायचे ते ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती बसणाऱ्या नळ्या) आणि पुढे सांगितलेल्या दांड्या, तेही नुसत्या मापानं.

आता सामान. इपॉक्सीवरून लोक सर्वांत जास्त भांडतात. साधं ॲराल्डाइट, राळ आणि हार्डनर सारख्या मापानं मिसळायचं, हे उत्तम चिकटद्रव्य आहे, पण नुसतं वापरलं तर बेडिंगला मऊ पडतं. सततच्या दाबाखाली हळूहळू दबतं, आणि ५०-६० अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्यानं उतरते. मे महिन्यात सोलापुरात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत एवढं तापमान सहज होतं. पिलर बसवायला ते चालेल, ॲक्शनच्या बैठकीला नको. एम-सील नको, ती घट्ट असते, कोपऱ्यात वाहत नाही आणि आत पोकळ्या राहतात. फेव्हिकॉलचं नाव काढू नका, त्यातलं पाणी उडालं की ते आक्रसतं. पाच मिनिटांत सेट होणारी कुठलीही इपॉक्सी नको, कारण ॲक्शन नीट खाली उतरायच्या आधीच ती घट्ट व्हायला लागते.

हवी ती धातूची पूड भरलेली पुट्टी. डेव्हकॉनची प्लास्टिक स्टील पुट्टी हे जुनं आणि खात्रीचं उदाहरण, ती कारखान्यांत झिजलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीला वापरतात आणि औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळते. तिचं प्रमाण वजनानं ९ ला १ आहे. .२२ च्या रायफलीला ६० ग्रॅम मिश्रण पुरून उरतं, म्हणजे ५४ ग्रॅम पुट्टीला ६ ग्रॅम हार्डनर. मोठ्या बोअरच्या, मोठ्या रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालचा, धक्का लाकडावर देणारा ठोकळा) रायफलीला ९०-१०० ग्रॅम धरा. हे अंदाजानं करायचं काम नाही. ६ च्या जागी ५ ग्रॅम पडलं तर हार्डनर सतरा टक्के कमी झाला आणि बैठक कायमची चिवट-मऊ राहणार. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. मिश्रण सपाट पत्र्यावर किंवा काचेवर चार मिनिटं सलग, कडा खरवडत मिसळा. रंगात रेघ दिसत असेल तोवर मिसळत राहा.

डब्यावरचा वेळ सुमारे २४ अंशांसाठी लिहिलेला असतो, त्या तापमानाला ही पुट्टी साधारण पाऊण तास हाताळता येते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेळ जवळजवळ निम्मा होतो. दुपारी ४० अंशांत काम काढलं तर पंधरा मिनिटांत हात आखडेल. त्यामुळे सोलापुरात या कामाचा खरा हंगाम म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे दिवस, जानेवारी. हवा कोरडी आणि खोलीत २२-२८ अंश. मे महिन्यातच करायची वेळ आली तर पहाटे पाचला सुरू करा आणि दोन्ही डबे आदल्या रात्री एसीच्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेला डबा गार असताना उघडू नका, आत दव धरतं आणि हार्डनर ओल पितो. पावसाळ्यात मात्र टाळाच. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं आणि त्या मापाची बैठक डिसेंबरात सैल पडते. खूपच घाई असेल तर दस्ता सुटा करून निदान दोन आठवडे घरात कोरड्या जागी ठेवून मग हात घाला.

बाकीचं सामान किरकोळ आहे. मुलांची प्लास्टिसिन माती, इलेक्ट्रिकची टेप, रंगहीन बूट पॉलिश किंवा फायबरवाल्यांकडचं मोल्ड-रिलीज मेण, आइस्क्रीमच्या काड्या, कानाच्या काड्या, ॲसिटोन, जुनी सायकलची ट्यूब. ॲक्शनच्या स्क्रूंच्याच आट्यांच्या, पण डोकं नसलेल्या दोन लांब दांड्या लेथवरून करून आणा. त्यांना वरून स्क्रूड्रायव्हरची खाच पाडून घ्या. ॲक्शन सरळ खाली उतरवायला त्या वाट दाखवतात. सिलिकॉनचा स्प्रे रिलीज म्हणून वापरू नका. तो हवेत उडून लाकडावर बसतो आणि जिथे इपॉक्सी धरायला हवी तिथेच ती धरत नाही.

पिलरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लाकडी दस्त्यात अर्धं काम तेच करतात. पिलर म्हणजे ॲक्शनचा तळ आणि खालचा गार्ड यांच्यामध्ये उभी असलेली ॲल्युमिनियमची नळी. स्क्रूचा दाब ती घेते, लाकडावर येऊ देत नाही. १२ मिलिमीटर व्यासाचा बार घ्या, आत स्क्रूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं भोक, म्हणजे ६ च्या स्क्रूला ८ पर्यंत. स्क्रू पिलरच्या भिंतीला कुठेही टेकता कामा नये, नाही तर धक्का लगऐवजी स्क्रूवर येतो. बाहेरून तीन-चार उथळ खाचा पाडून घ्या, इपॉक्सी त्यात धरते. दस्त्यातलं भोक साडेबारा ते तेरा. लांबी ठरवताना चालू दस्त्यातली लाकडाची जाडी डेप्थ व्हर्नियरनं मोजा आणि तेवढीच ठेवा. लांब झाला तर मॅगझिन खाली लोंबतं आणि पहिलं काडतूस बोल्टच्या वाटेत येत नाही. आखूड झाला तर मॅगझिन अडकतं.

ॲक्शनचा तळ गोल असेल तर सपाट डोक्याचा पिलर तिला एका रेघेवरच टेकतो आणि ती डुगडुगते. पिलरच्या डोक्याला तोच गोलावा द्यावा लागतो. ॲक्शनच्या व्यासापेक्षा किंचित बारीक गोल बारला ८० नंबरचा एमरी पेपर गुंडाळायचा, कागदासकट व्यास ॲक्शनएवढा झाला पाहिजे, आणि त्यावर पिलरचं डोकं घासत बसायचं. अर्ध्या तासाचं कंटाळवाणं काम आहे, पण कारागीर ते टाळत असेल तर कारागीर बदला.

दस्ता कोरताना एक गोष्ट सांभाळायची, वरची कड तशीच ठेवायची. पटाशीनं किंवा छोट्या रोटरी कटरनं पुढच्या रिंगखालचं (बॅरल बसते तो ॲक्शनचा भाग) आणि रिकॉइल लगच्या मागचं लाकूड २ ते ३ मिलिमीटर काढा, मागच्या टँगखालचं (ॲक्शनची शेपटी) दीड मिलिमीटर. बाजूच्या भिंती वरच्या कडेपासून ३ मिलिमीटर खालपर्यंत तशाच राहू द्या म्हणजे इपॉक्सीची रेघ बाहेरून बारीक दिसते. तळाला ३ मिलिमीटरच्या ड्रिलनं तिरकी पाच-सहा उथळ भोकं पाडा, इपॉक्सीची मुळं त्यात जातात. जुन्या दस्त्यात वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल मुरलेलं असतं. तेलकट लाकूड काळपट दिसतं, ते कोरूनच काढा, नुसतं पुसून भागत नाही. सागवानात स्वतःचंच तेल असतं, म्हणून इपॉक्सी लावायच्या अगदी आधी ॲसिटोननं दोनदा पुसा आणि पाच मिनिटं सुकू द्या. नेलपॉलिश काढायचं द्रव इथे चालणार नाही, त्यात स्निग्ध पदार्थ मिसळलेले असतात.

लग असलेल्या ॲक्शनमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ टेपचा होतो. लगची मागची बाजू, जी धक्क्यात लाकडाला रेटते, ती उघडी ठेवायची. पुढची बाजू, दोन्ही कुशी आणि तळ यांवर इलेक्ट्रिक टेपचे दोन थर. एक थर साधारण ०.१३ मिलिमीटर, म्हणजे नंतर चौफेर पाव मिलिमीटर मोकळीक मिळते. ही मोकळीक नसेल तर लग खालून टेकतो आणि ॲक्शन त्याच्यावर तोलली जाते. डायलवर लगेच दिसतं. .२२ च्या बऱ्याच मॅच रायफलींना वेगळा लगच नसतो, तिथे पिलर आणि ॲक्शनच्या तळाची पूर्ण टेक हेच सगळं.

बॅरल दस्त्याच्या टोकापासून पाच-सहा सेंटीमीटर आत टेपनं गुंडाळा, इतकी की ॲक्शन मधोमध आणि मूळ उंचीवर येईल. आता रायफल पुढे या टेपवर आणि मागे पिलरवर तरंगते, मधली जागा इपॉक्सी भरणार. चेंबरखालच्या बॅरललाही इंच-दीड इंच बैठक द्यावी का, यावर दोन मतं आहेत. फार जड बॅरलला देतात. .२२ ला माझ्या मते नको, रिंगच्या पुढे काहीही टेकू देऊ नये.

मग माती. ट्रिगर आधीच काढलेला असतो. त्याच्या पिनांची भोकं, मॅगझिनची पोकळी, बोल्ट-स्टॉपची फट, आट्यांची टोकं, कोरलेला नंबर, खोल ओरखडे, जिथे जिथे इपॉक्सी शिरून मागे आकडी होईल तिथे माती दाबून पृष्ठभागाशी सपाट करा. अंगठ्याची नखं वापरा. एक भोक राहिलं तर ॲक्शन बाहेर येत नाही आणि दस्ता फोडावा लागतो. बेडिंगमधली मोठी दुर्घटना म्हणतात ती हीच, आणि ती कधीही इपॉक्सीच्या चुकीनं होत नाही. नंतर ॲक्शनला, बॅरलच्या मागच्या १० सेंटीमीटरला, मार्गदर्शक दांड्यांना आणि गार्डला मेण लावा. वीस मिनिटं सुकू द्या, फडक्यानं चमकवा, दुसरा हात द्या. जाड थर नको, मेणाची जाडी बैठकीत उमटते. दस्त्याच्या बाहेरच्या बाजूला कडेपर्यंत टेप लावून घ्या.

मिश्रण भरताना आधी लगच्या खाचेचे कोपरे, काडीनं दाबत, हवा बाहेर काढत. मग तळ. ॲक्शनच्या खालच्या बाजूलाही पातळ लेप चोळा, धातूवर हवेचे बुडबुडे राहत नाहीत. दांड्यांच्या वाटेनं ॲक्शन सरळ खाली न्या. कडेनं पुट्टी सगळीकडून सारखी बाहेर आली पाहिजे. एखाद्या बाजूला आलीच नाही तर तिथे पोकळी आहे, उचला, भरा, परत ठेवा. अजून वेळ आहे.

आता जे करायचं नाही ते. स्क्रू आवळायचे नाहीत. सी-क्लॅम्प लावायचा नाही. जोर देऊन धरलं की ॲक्शन त्या क्षणी वाकते, आणि इपॉक्सी त्या वाकलेल्या आकाराचा साचा घेते. नंतर स्क्रू सोडला की ॲक्शन सरळ होते आणि आवळला की परत वाकते. ज्या ताणासाठी एवढा खटाटोप केला तोच ताण साच्यात कायमचा बसवून घेतला. बिघडलेल्या बेडिंगमध्ये सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच. बहुतेक वेळा लेप गुळगुळीत, सुंदर दिसतो आणि डायल ०.१५ दाखवतो. फक्त ॲक्शन पिलरवर टेकून राहील एवढाच दाब हवा. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीचा एक वेढा पुढच्या रिंगवर, एक टँगवर, हातानं ताणून, पण गच्च नाही. रायफल स्पिरिट लेव्हल लावून व्हाइसमध्ये सपाट ठेवा आणि हात काढा.

बाहेर आलेली पुट्टी लगेच पुसत बसू नका, पसरते. तीन-चार तासांनी ती घट्ट रबरासारखी होते, तेव्हा टोक तासलेल्या आइस्क्रीमच्या काडीनं कडेला लागून कापली की स्वच्छ निघते. उन्हाळ्यात हे दीड-दोन तासांतच येतं, म्हणून नख लावून पाहत राहा. राहिलेला डाग कानाच्या काडीला ॲसिटोन लावून टिपा, दस्त्याच्या पॉलिशला लागू न देता.

चोवीस तास हात लावू नका, जानेवारीतल्या गार रात्री असतील तर छत्तीस. काढताना दांड्या आधी बाहेर घ्या. मग दस्ता उलटा धरून बॅरल खाली मऊ गादीवर, टँग आणि पुढचं टोक आळीपाळीनं रबरी हातोडीनं हलके ठोका. ‘टक’ असा एक आवाज येतो आणि सुटते. सुटली नाही तर ओढाताण करू नका. बर्फाच्या पिशव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ॲक्शनवर तासभर ठेवा, स्टील आणि इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि पकड सुटते. तरीही नाही सुटली तर मातीचं एखादं भोक राहिलं आहे.

आत पाहिल्यावर लहान बुडबुडे दिसतील. मसुराच्या दाण्याएवढे, विखुरलेले असतील तर सोडून द्या, त्यांनी काही होत नाही. लगच्या मागे किंवा पिलरच्या भोवती मोठी पोकळी असेल तर ती खरखरीत करून नवं मिश्रण भरा आणि ॲक्शन परत मेण लावून बसवा. टेप काढा, माती काढा, स्क्रूची भोकं पिलरच्या आतल्या मापानं साफ करा. ॲक्शनला इंजिनिअर्स ब्ल्यूचा पातळ हात देऊन बसवून काढा. निळा डाग लगच्या मागच्या भिंतीवर पूर्ण आणि तळावर बहुतेक सगळीकडे उमटायला हवा, लगच्या खाचेच्या तळात अजिबात नाही.

यानंतर एक पायरी बहुतेक जण गाळतात. कोरलेलं सगळं उघडं लाकूड बंद करायचं. दस्त्यात बॅरलसाठी कोरलेली नाळ, मॅगझिनच्या पोकळीच्या भिंती, बटप्लेटखालचं टोक, स्क्रूच्या भोकांची आतली बाजू, सगळीकडे पॉलियुरेथेनचे किंवा पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन हात. बाहेरून पॉलिश आणि आतून कोरडं लाकूड असा दस्ता आतून ओल पितो आणि एका बाजूला वळतो. आपल्याकडे मे आणि सप्टेंबर यांच्यात हवेतली ओल इतकी बदलते की हे न केलेल्या दस्त्यात दीड मिलिमीटरची फटही एका बाजूनं बुजू शकते.

जुळवताना रायफल दस्त्याच्या बुडावर उभी करा म्हणजे ॲक्शन स्वतःच्या वजनानं मागे, लगच्या भिंतीला टेकते. दोन्ही स्क्रू बोटानं टेकवा, मग लगजवळचा आधी, मागचा नंतर, दोन टप्प्यांत. पिलर असतील तर .२२ ला ३ न्यूटन-मीटरपासून सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्यानं वाढवत ५ पर्यंत गोळ्या तपासा. बनवणाऱ्यानं आकडा दिला असेल तर तो आधी पाहा. पिलर नसलेल्या नुसत्या लाकडात २ ते २.५ च्या पुढे जाऊ नका. परदेशी सूचनांत इंच-पाउंड दिलेले असतात, १ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ८.८५ इंच-पाउंड. सायकलसाठी मिळणारा २ ते २० न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच चालतो, पण त्याच्या अगदी खालच्या टोकाच्या आकड्यावर फार विश्वास नको.

पुन्हा डायल. सुरुवातीचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी लिहा. ०.०२-०.०३ आला तर काम उत्तम झालं. ०.०५ च्या वर गेला तर पोकळी शोधण्याआधी लगच्या तळाची मोकळीक आणि स्क्रूची लांबी परत पाहा, बहुतेक तिथेच सापडतं.

गोळ्यांची चाचणी सकाळी लवकर करा. उन्हाळ्यात दहानंतर सोलापुरात वारा आणि जमिनीवरची झळ दोन्ही सुरू होतात, मग ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) कशामुळे फाकला ते कळत नाही. बेडिंगआधी आणि नंतर, एकाच लॉटच्या काडतुसांनी, पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच ग्रुप. एका ग्रुपवरून काहीही म्हणू नका. अपेक्षाही बेताची ठेवा. चांगल्या बेडिंगनं सरासरी ग्रुप थोडा आवळतो, पण खरा फायदा भरकटणारी पाचवी गोळी थांबण्यात आणि आठवड्याआड बदलणारं झीरो (नेम आणि गोळी जुळवून लावलेली साइट) एका जागी राहण्यात असतो. बॅरलच्या तोंडाची कड दबलेली असेल किंवा त्या बॅरलला ती काडतुसंच मानवत नसतील, तर बेडिंगनं काही होणार नाही. दोन तुकड्यांच्या दस्त्याच्या ली-एनफिल्ड घाटाच्या रायफलींना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही, त्यांचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकावर येतो आणि त्याची बैठक वेगळ्या पद्धतीनं करतात.

पहिल्या तीसेक गोळ्यांनंतर टॉर्क परत तपासा, थोडा उतरलेला असेल. पिलर नसेल तर जूनच्या पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीनंतरही तपासा. एप्रिल-मेमध्ये स्पर्धेला बालेवाडीला निघाला असाल तर रायफल डिकीत नको, आत एसीच्या हवेत ठेवा. आणि वाटेत जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा, एकानं गाडीत बसून राहा. परवान्याच्या दृष्टीनंही तेच बरोबर आहे.